आमदाराने पक्ष बदलला, तर तुमच्या मताचं काय होतं? नेरे ते विधानभवन, पक्षांतरबंदी कायद्याचा गुंता

२०१४ ची लोकसभा निवडणूक. पनवेल तालुक्यातलं नेरे गाव मावळ मतदारसंघात येतं. तिथल्या मतदान यंत्रावर राष्ट्रवादी काँग्रेसच्या घड्याळासमोर नाव होतं राहुल नार्वेकर यांचं. निकालात ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि शिवसेनेचे श्रीरंग बारणे खासदार झाले.

नार्वेकर त्याआधी शिवसेनेत होते. लोकसभा हरल्यावर ते राष्ट्रवादीकडून विधान परिषदेवर गेले, २०१९ मध्ये भाजपमध्ये आले आणि कुलाब्यातून आमदार झाले. ३ जुलै २०२२ ला ते विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यानंतर दीड वर्षाने, खरी शिवसेना कुणाची आणि कोणता आमदार अपात्र, याचा निकाल त्यांनीच दिला. आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस पक्षांतरबंदी कायद्याचा फेरविचार करणाऱ्या समितीचं प्रमुखपदही त्यांच्याकडेच आलं.

म्हणजे पक्ष बदललेला नेता, पक्षांतराचा निवाडा करणारा अध्यक्ष आणि पक्षांतराचा कायदा सुधारायला बसलेला आमदार, या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्या. यात बेकायदेशीर काहीही नाही. पण आपल्याकडचा पक्षांतराचा कायदा कसा चालतो हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

हा कायदा नेमका कुणाला अडवतो, कुणाला सोडतो आणि नेरेसारख्या गावातल्या मतदाराचा त्यात काय संबंध, हे पाहूया.

एकाच गावात पक्षाचे वेगवेगळे नियम

नेरे हे पनवेल शहराजवळचं, माथेरानच्या डोंगराच्या बाजूचं गाव. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या 'शांतिवन'मुळे अनेकांना ते माहीत आहे. इथला मतदार ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मतदान करतो. पण 'पक्ष' या गोष्टीचा अर्थ प्रत्येक पातळीवर बदलतो.

ग्रामपंचायतीची निवडणूक कागदोपत्री बिनपक्षीय असते. सरपंच थेट निवडला जातो, पण त्याच्या नावापुढे कमळ, धनुष्यबाण किंवा पंजा नसतो. निकालानंतर मात्र सगळेच पक्ष 'आमचे इतके सरपंच' असा दावा करतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीत पक्षाचं चिन्ह येतं. तिथल्या सदस्यांच्या पक्षांतरासाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. आमदार आणि खासदारांना लागू होतं ते राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट. यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो.

पनवेलला पक्षांतर नवं नाही

पनवेल हा अनेक वर्षं शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा बालेकिल्ला होता. दि. बा. पाटील इथूनच विधानसभेत गेले. पुढे विवेक पाटील शेकापकडून सलग निवडून आले. शेकापचेच रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. नंतर ठाकूर कुटुंब काँग्रेसमध्ये गेलं. २००९ मध्ये रामशेठ यांचे पुत्र प्रशांत ठाकूर काँग्रेसचे आमदार झाले. २०१४ मध्ये खारघरच्या टोलचा प्रश्न तापला, आमदाराचं स्वतःच्या पक्षाच्या सरकारशी बिनसलं आणि विधानसभा निवडणूक तोंडावर असताना ते भाजपमध्ये गेले. त्यानंतर २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही निवडणुका त्यांनी कमळावर जिंकल्या.

शेजारच्या उरणमध्ये २०१९ ला महेश बालदी अपक्ष म्हणून निवडून आले. ते मूळचे भाजपचे, पण जागा युतीत शिवसेनेकडे होती. निवडून आल्यावर त्यांनी भाजपला पाठिंबा दिला आणि २०२४ ला कमळावर लढून जिंकले. अपक्षांबद्दलचा नियम असा की, निवडून आल्यानंतर अपक्ष आमदार कोणत्याही पक्षात गेला तर तो अपात्र ठरतो. पक्षात न जाता नुसता पाठिंबा दिला, तर ठरत नाही.

पनवेल आणि उरणच्या या दोन्ही गोष्टींत एक बाब समान आहे. नव्या पक्षाचं चिन्ह घेऊन नेता लगेच मतदारांसमोर गेला. लोकांना पटलं नसतं, तर त्यांना तिथल्या तिथे नाही म्हणता आलं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

पक्षांतरबंदी कायदा काय सांगतो?

१९६७ मध्ये हरियाणातले आमदार गया लाल यांनी इतक्या झटपट पक्ष बदलले की 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. महाराष्ट्रात १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटील यांच्या सरकारमधून बाहेर पडले आणि पुलोदचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा हे रोखणारा कायदाच नव्हता. तो १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आला.

त्यानुसार पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला आमदार दोन कारणांनी अपात्र ठरू शकतो.

पहिलं, त्याने स्वतःहून पक्षाचं सदस्यत्व सोडलं तर. यासाठी लेखी राजीनामाच लागतो असं नाही, वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष काढता येतो.

दुसरं, सभागृहात त्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध, म्हणजेच व्हिपविरुद्ध मतदान केलं किंवा तो मतदानाला गैरहजर राहिला तर. आधी परवानगी घेतली नसेल आणि पक्षाने १५ दिवसांत माफही केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते.

मूळ कायद्यात एक मोठी पळवाट होती. एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर त्याला 'फूट' मानून संरक्षण मिळायचं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद काढून टाकली. आता उरलं आहे ते विलीनीकरण. पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांश सदस्यांनी ते मान्य केलं, तर आमदारकी शाबूत राहते.

अपात्रतेचा निर्णय सभागृहाचे अध्यक्ष घेतात. किहोतो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला, पण त्यावर न्यायालयीन तपासणी होऊ शकते असंही सांगितलं. निर्णय किती दिवसांत द्यायचा, याची मुदत मात्र कायद्यात कुठेही लिहिलेली नाही.

२०२२ मध्ये रायगडमध्ये काय झालं?

रायगड जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा आहेत. २०१९ मध्ये त्यातल्या तीन शिवसेनेने जिंकल्या: महाडमध्ये भरत गोगावले, कर्जतमध्ये महेंद्र थोरवे आणि अलिबागमध्ये महेंद्र दळवी. श्रीवर्धनमधून राष्ट्रवादीच्या अदिती तटकरे आल्या. पेण आणि पनवेल भाजपकडे गेलं, उरण अपक्षाकडे.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी बंड केलं. शिवसेनेच्या ५५ पैकी जवळपास ४० आमदार त्यांच्यासोबत गेले आणि त्यात रायगडचे तिन्ही होते. जुलै २०२३ मध्ये अजित पवार सत्तेत सामील झाले, त्यांच्यासोबत अदिती तटकरे होत्या. म्हणजे एका जिल्ह्यातल्या सातपैकी चार आमदारांची सत्तेची बाजू पोटनिवडणूक न होता बदलली.

यावर शिंदे गटाचं उत्तर होतं की, मतदारांची बाजू आम्ही बदललीच नाही. २०१९ ला लोकांनी शिवसेना-भाजप युतीला कौल दिला होता, तो मोडून काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत पक्षनेतृत्व गेलं. हा युक्तिवाद सहज बाजूला सारता येत नाही. निवडणुकीआधीची युती निवडणुकीनंतर मोडली, तर त्यासाठी आपल्याकडे कोणताही कायदा नाही. पक्षांतरबंदी कायदा आमदाराला पक्षाशी बांधतो. पक्षाने मतदारांना दिलेल्या शब्दाशी तो कुणालाच बांधत नाही.

दीड वर्ष चाललेला निवाडा

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा.

जून २०२२ : बंडखोर आमदारांविरुद्ध अपात्रतेच्या याचिका. २९ जूनला उद्धव ठाकरे यांचा राजीनामा, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री.

१७ फेब्रुवारी २०२३ : निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं.

११ मे २०२३ : सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की, व्हिप नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही. त्यामुळे भरत गोगावले यांच्या प्रतोदपदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरली. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांनीच 'वाजवी वेळेत' घ्यावा, असं न्यायालय म्हणालं.

१० जानेवारी २०२४ : नार्वेकर यांनी निकाल दिला. फूट पडली तेव्हा शिंदे गट हाच खरा राजकीय पक्ष होता, म्हणून गोगावले यांची नेमणूक वैध, असं त्यांनी ठरवलं. शिंदे गटाचे आमदार पात्र ठरले. ठाकरे गटाचे आमदारही पात्र ठरले, कारण व्हिप त्यांच्यापर्यंत नीट पोहोचवला गेला नव्हता. म्हणजे कुणीच अपात्र झालं नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ : राष्ट्रवादीच्या प्रकरणातही निकाल तसाच लागला. अजित पवार गट खरा, आणि अपात्र कुणीही नाही.

यात एक गोष्ट सुटून जाते. शिंदे गट कोणत्याही पक्षात विलीन झाला नाही. 'फूट' ही पळवाट २००३ मध्येच बंद झाली होती. मग आमदार वाचले कसे? 'आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत' या दाव्यावर. कायद्यात ज्याची कल्पनाच केलेली नव्हती, असा हा तिसरा रस्ता निघाला. याचिका दाखल झाल्यापासून निकालापर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी विधानसभा निवडली गेली. ज्या सभागृहाच्या सदस्यत्वावर वाद होता, ते सभागृहच संपलं.

आमदाराच्या बाजूने पाहिलं तर

राष्ट्रवादीच्या प्रकरणात निकाल देताना नार्वेकर यांनी एक मुद्दा मांडला होता. पक्षातली नाराजी किंवा मतभेद म्हणजे पक्षांतर नव्हे, आणि पक्षनेतृत्वाने दहाव्या परिशिष्टाचा धाक दाखवून सदस्यांचा आवाज दाबू नये, असा त्याचा आशय होता.

या निकालामागचं राजकारण कुणाला पटेल, कुणाला नाही. पण मुद्दा खरा आहे. आपल्या आमदाराला सभागृहात स्वतःचं मत किती असतं? अर्थसंकल्प असो, जमिनीचा कायदा असो की विद्यापीठाचा, व्हिप निघाला की हात त्याच बाजूला वर करावा लागतो. मतदारसंघाचं नुकसान होत असलं तरीही.

नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा वाद आठवा. तत्कालीन महाविकास आघाडी सरकारच्या काळात बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा प्रस्ताव पुढे आला होता. स्थानिकांना हवं होतं दि. बा. पाटील यांचं नाव, कारण प्रकल्पग्रस्तांच्या लढ्याचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. जून २०२१ मध्ये रायगड-नवी मुंबईत मोठी आंदोलनं झाली. भाजप, शेकाप, काँग्रेस अशा वेगवेगळ्या पक्षांचे स्थानिक नेते एका कृती समितीत आले. शेवटी २९ जून २०२२ च्या मंत्रिमंडळ बैठकीत दि. बां.चं नाव मंजूर झालं, शिंदे सरकारनेही पुढे तोच निर्णय घेतला आणि विधिमंडळाने ठराव केला.

स्थानिक प्रश्नावर पक्ष बाजूला ठेवून लोकप्रतिनिधी एकत्र येऊ शकतात, हे यातून दिसलं. पण ते रस्त्यावर घडलं. आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध सभागृहात मत देण्याची वेळ आली असती, तर कायदा आडवा आला असता.

आता कायद्याची दोन टोकं शेजारी ठेवून बघा. एखादा आमदार पक्षात राहूनच एका विधेयकाला विरोध करतो, त्याची आमदारकी धोक्यात येते. चाळीस आमदार मिळून सरकार पाडतात, त्यांची वाचते. एकट्याने 'नाही' म्हणणं महाग आणि घाऊक बाजू बदलणं स्वस्त, असा हा कायदा झाला आहे. मतभेद म्हणजे पक्षांतर नव्हे हे तत्त्व खरं मानायचं असेल, तर त्याचं पहिलं संरक्षण त्या एकट्या आमदाराला मिळायला हवं. मोठ्या गटाला त्याची गरज कमी असते, संख्या त्याच्याकडे असतेच.

मालवण आणि साताऱ्याचं उदाहरण

मग पक्ष बदलूच नये का? तसं नाही. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांसारखे एकाच पक्षातून अकरा वेळा निवडून येणारे आमदार विरळाच. विचार बदलतात, पक्ष बदलतात, नेत्याला बाहेर पडावंसं वाटू शकतं. प्रश्न इतकाच की मतदाराला विचारलं का?

२००५ मध्ये नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले. त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि ते जिंकले. २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीची खासदारकी सोडून भाजपमध्ये गेले. साताऱ्यात पोटनिवडणूक झाली आणि श्रीनिवास पाटील यांनी त्यांचा पराभव केला.

मालवणने होकार दिला, साताऱ्याने नकार. दोन्ही ठिकाणी शेवटचा शब्द मतदाराचा होता. त्यासाठी ना अध्यक्षांच्या निकालाची वाट पाहावी लागली, ना न्यायालयाची.

रायगडचे ते चारही आमदार २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले, हेही इथे सांगायला हवं. मतदारांनी त्यांना स्वीकारलं. पण शिवसेनेच्या तिघांबाबत लोकांना विचारलं गेलं ते जवळपास अडीच वर्षांनी. मधल्या काळात सरकार, मंत्रिपदं, निधी असं सगळं नव्या बाजूने वाटून झालं होतं.

बदल काय सुचवले गेले आहेत?

यातल्या बहुतेक सूचना जुन्याच आहेत.

*व्हिप मर्यादित करा.* दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये आणि विधी आयोगाने १९९९ मध्ये असाच विचार मांडला होता. सरकार टिकणार की पडणार, अशाच मतदानाला व्हिप सक्तीचा असावा. बाकी विधेयकांवर सदस्याला मोकळीक हवी. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनीही लोकसभेत खासगी विधेयकाद्वारे ही मागणी केली आहे.

*निवाडा अध्यक्षांकडून काढा.* अध्यक्ष बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षाचे असतात. गोस्वामी समितीचं म्हणणं होतं की, निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी निर्णय द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्वतंत्र न्यायाधिकरणाची कल्पना मांडली.

*मुदत ठरवा.* त्याच निकालात न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली होती. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या आमदारांच्या प्रकरणातही अध्यक्षांना तीन महिने देण्यात आले आणि सध्याच्या व्यवस्थेचा विचार संसदेने करावा, असं न्यायालय म्हणालं.

*विलीनीकरणाची सवलत काढा.* विधी आयोगाची १९९९ ची ही शिफारस. पक्ष सोडायचा तर संख्या कितीही असो, राजीनामा द्या आणि पुन्हा निवडून या.

याला विरोध काय आहे?

पहिला आक्षेप स्थैर्याचा. व्हिप सैल केला तर प्रत्येक विधेयकावर सौदेबाजी होईल, अशी भीती आहे. ती पूर्ण खोटी नाही. पण आजचा कडक कायदा असतानाही २०१९ ते २०२४ या एका विधानसभेत तीन मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला आणि दोन पक्ष फुटले. स्थैर्यासाठी आमदाराचं मत गहाण ठेवलं आणि स्थैर्यही मिळालं नाही.

दुसरा आक्षेप पोटनिवडणुकीचा. कर्नाटकात २०१९ मध्ये १७ आमदार अपात्र ठरले, त्यातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले होते, तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोटनिवडणूक लढवू दिली आणि त्यातले बहुतेक जिंकले. मग फायदा काय? फायदा हाच की, निर्णय मतदारांच्या समोर आला. तो आपल्याला आवडेल असाच असेल, याची हमी लोकशाही कधीच देत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. कायदा बदलायचा तो संसदेने, आणि तिथे बहुमत असलेल्या पक्षाला सध्याच्या व्यवस्थेचा फायदा असतो. पक्षनेतृत्वाला व्हिपची दोरी हातात हवी असते. विरोधात असताना सुधारणेची मागणी करणारे सत्तेत आल्यावर गप्प होतात. हे एका पक्षाचं नाही, सगळ्यांचं आहे.

मतदाराच्या हातात काय आहे?

दहावं परिशिष्ट नेरेच्या चावडीवर बदलणार नाही. पण प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दोन प्रश्न विचारता येतात. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

पक्ष सोडायची वेळ आली, तर आधी राजीनामा देऊन पुन्हा आमच्याकडे मत मागायला याल का?

आणि पक्षाचा निर्णय आमच्या गावाच्या विरोधात गेला, तर सभागृहात उभं राहून तसं बोलाल का?

पहिल्याचं उत्तर 'हो' असेल, तर ते चार लोकांसमोर द्यायला सांगा. दुसऱ्याचं उत्तर देताना उमेदवार अडखळला, तर तो दोष एकट्या त्याचा नाही. त्याच्या पायातली ती बेडी कायद्याने घातली आहे, आणि ती काढा अशी मागणी सर्वांत आधी आमदारांनीच करायला हवी.